लुगडं खोचून ज्वारीच्या रानात

शिवलेली नऊवारी आणू नका. पायजम्यासारखी चढवायची, कमरेला हूक लावायचे आणि झालं, ती फोटोला चालते, खुरप्याला चालत नाही. पहिल्यांदा उकिडवं बसलं की मांडीत ओढते, चार-सहा वेळा बसलं की शिवण उसवते.

नातीच्या मैत्रिणी यंदा हुरड्याला येणार आहेत. नुसतं खाऊन जायचं नाही म्हणाल्या, चार दिवस राहून तुमच्या वेळेसारखं सगळं करून बघायचं आहे. फोनवर हे सांगून भागणार नाही, म्हणून लिहून ठेवते. मी मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली. माहेर-सासर दोन्ही तालुक्यातलंच, त्यामुळे सांगेन ते आमच्या भागातलं. कोकणातल्या नाहीतर विदर्भातल्या बाईला विचाराल तर ती वेगळं सांगेल आणि तेही बरोबरच असेल. आधी कपडा, मग रान, मग चूल, असं सांगते. कपडा नीट नसला तर पुढची दोन्ही कामं अंगावर येतात.

लुगडं कोणतं घ्यायचं

आमच्याकडे इरकल. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात इलकल गाव आहे, तिथलं. त्याचं अंग सुती आणि पदर रेशमी असतो. दोन्हींचा ताणा मागावरच एकमेकांत अडकवून जोडलेला असतो. लाल पदरावर पांढऱ्या पट्ट्या दिसल्या की तो टोपपदर. पण असलं लुगडं लग्नाकार्याला. रानात पदरानंच घाम पुसायचा, पदरानंच गरम भांडं उतरवायचं, तिथं रेशीम काय कामाचं? पदरासकट सगळं सुती घ्या. रंग गडद घ्या, काळ्या मातीचा डाग फिक्या कापडावरून निघत नाही.

लांबी पुरी नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर. सहावारी साडीचा काष्टा घालायला जाल तर पदर डोक्यापर्यंत पोचत नाही.

कोरं लुगडं तसंच नेसू नका. खळीनं ते ताठ असतं आणि निऱ्या फुलून उभ्या राहतात. रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, सकाळी चांगलं आपटून धुवा, असं दोन-चारदा केलं की अंगाला लागतं. आजीच्या ट्रंकेत जुनं धुऊन-धुऊन मऊ झालेलं असेल तर ते सगळ्यात उत्तम. फक्त उन्हाकडे धरून बघा, मधोमध विरलेलं असेल तर जोर लागताच फाटेल.

नेसायचं कसं

आतून परकर नको. आम्ही आत काही घालत नव्हतो. तुम्ही आखूड चड्डी घाला, लाज वाटायची नाही आणि मांड्याही घासायच्या नाहीत.

लुगडं पाठीमागून कमरेभोवती घ्या. दोन्ही टोकं पुढे आली पाहिजेत. डाव्या बाजूनं पुढे आलेलं टोक हात-दीड हातच ठेवायचं, बाकी सगळं लुगडं उजव्या बाजूनं येऊ द्यायचं. आता बेंबीच्या जरा खाली दोन्ही बाजूंचे काठ धरून घट्ट गाठ मारा. सगळं लुगडं या एका गाठीवर उभं असतं, म्हणून मारताना श्वास सोडून, पोट सैल ठेवून मारायची. पोट आत ओढून मारली तर जेवल्यावर काचते.

मग लांब बाजू डावीकडून पाठीमागे न्या, उजव्या काखेखालून पुढे काढा आणि छातीवरून डाव्या खांद्यावर टाका. पदर किती लांब? डोक्यावरून घेऊन उजव्या खांद्यावरून पुढे येऊन वर वीतभर उरेल इतका. पदर आधी ठरवायचा आणि मग निऱ्या, उलटं केलं की कापड कुठे तरी कमी पडतंच.

गाठ आणि पदर यांच्यामध्ये जे कापड उरलं त्याच्या निऱ्या घाला, चार बोटं रुंदीच्या. त्या बेंबीपाशी खोचा. आता पाय थोडे फाकवून उभ्या राहा, निऱ्यांचा खालचा काठ मधोमध धरा आणि दोन पायांमधून मागे घ्या. त्याच्या पट्ट्या करत पाठीच्या कण्यावर, कमरेला खोचा. हाच काष्टा. घरात बसायचं असेल तर घोट्यापर्यंत राहू द्या. रानात जाताना दोन्ही बाजूंनी वर ओढून पोटऱ्या उघड्या ठेवायच्या, नाहीतर दवानं भिजून पायाला चिकटतं.

नेसून झालं की लगेच रानात पळू नका. आधी पूर्ण उकिडवं बसा, उठा. एक पाय बांधावर ठेवून चढा. वाकून जमिनीवरचं काही उचला. काष्टा सुटला तर मागे खोचलेलं कमी आहे, मांडीत ओढलं तर काष्टा फार वर नेलाय. दोन्ही झालं नाही की लुगडं बसलं.

पुढच्या निऱ्यांचा वरचा भाग थोडा सैल ओढून कमरेला परत खोचला की पोटावर पिशवीसारखी जागा होते, ती ओटी. खुरपताना सापडलेली भाजी, वेचलेल्या शेंगा, गोफणीसाठी ढेकळं, सगळं तिच्यात. दोन्ही हात मोकळे राहतात. तुमच्या जीन्सच्या खिशात मोबाइलसुद्धा धड मावत नाही आणि मला विचारता, एवढं लांब कापड कशाला!

चोळी खणाची, पुढे गाठ मारायची. आमच्याकडे खण गुळेदगुड्डचे यायचे, तेही बागलकोटकडचंच गाव. शिवणाऱ्या बाईला एकच सांगा, बगलेत वेगळा तुकडा घाल. तो असला की गोफण फिरवताना, कडब्याची पेंढी डोक्यावर देताना हात पूर्ण वर जातो आणि चोळी वर चढत नाही. बाही कोपराच्या वर संपली पाहिजे. गाठीचा फायदा असा की अंग भरलं, उतरलं, बाळंतपण झालं तरी तीच चोळी चालते. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर बटणांपेक्षा गाठच बरी.

आता दुसरी बाजूही ऐका. ओलं लुगडं जड होतं आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही. बहुतेक बायकांना दोनच असायची, एक अंगावर आणि एक वलणीवर. मृगाच्या झडीत दोन्ही ओली. मधून विरलं की विरलेला भाग कापून टाकायचा आणि चांगले तुकडे जोडून दंड घालायचा. दंड घातलेलं लुगडं नेसून चारचौघींत जायची लाज वाटायची, पण पर्याय नसायचा. त्याच्यापुढे त्याची वाकळ, बाळाची दुपटी, आणि शेवटी महिन्याच्या दिवसांतल्या घड्या. मऊ सुती म्हणून त्या घड्यांना जुनंच कापड लागायचं, ते ठीक. पण धुऊन वाळवायच्या कुठे, तर कुणाला दिसू नये म्हणून अडगळीत, अंधारात. ऊन म्हणून लागायचं नाही. ही रीत गेली ते फार बरं झालं. तुम्ही तुमचं काय ते घेऊन या.

रानात तुम्ही याल त्याच्या आधी काय झालेलं असेल

तुम्ही संक्रांतीच्या आगेमागे याल. ज्वारी तेव्हा हुरड्यात असते. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात उरकलेली असते. फार आधी पेरली तर खोडमाशी लागते आणि पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा, वाळून जातो, त्याला पोंगेमर म्हणतात. उशीर केला तर जमिनीतली ओल पुरत नाही. एकराला चार किलो बी पुरतं. वाण मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात मालदांडीतूनच निवडून काढलेलं ‘एम ३५-१’ अजून टिकून आहे, कारण दाणा मोत्यासारखा, भाकरी गोड आणि कडबा जनावराला आवडणारा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

बी घरचं ठेवायचं असेल तर ते तुम्ही असतानाच निवडता येईल. बांधाकडची ताटं नकोत, रानाच्या मध्यावरची बघा. कणीस भरदार, दाणा एकसारखा, काणी न लागलेली. काणी म्हणजे दाण्याच्या जागी काळी भुकटी. अशा ताटांना चिंधीची खूण बांधून ठेवायची, म्हणजे काढणीच्या गर्दीत ती कणसं वेगळी राहतात. घरी नेऊन चुलीवरच्या आढ्याला टांगायची, धुरानं किडा लागत नाही. पेरायच्या आधी किलोला चार ग्रॅम गंधक चोळलं की काणीचा बंदोबस्त होतो. हे गंधकाचं शेतीखात्यानं शिकवलं. आमच्या सासूबाईंचा त्यावर विश्वास बसायला एक काणीचं वर्ष जावं लागलं.

कोळपणी, म्हणजे ओळींमधून बैलांचं कोळपं फिरवून माती हलवायची, ती पुरुषांची, तरी माहीत असू द्या, कारण आमचं सगळं पीक तिच्यावर. विहिरीचं पाणी नाही, जे आहे ते मातीतल्या ओलीवर. पेरल्यावर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपं फिरवायचं. आठव्या आठवड्यात काळ्या रानाला भेगा पडू लागतात, तेव्हा दातेरी कोळपं लावतात, म्हणजे माती भेगांत जाते आणि खालची ओल उडत नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणायची.

खुरपणी मात्र बायकांची. त्यातलं एकच तण सांगते, कारण ते ओळखता आलं नाही तर बाकीची मेहनत फुकट. टारफुला. तो ज्वारीच्या मुळावरच जगतो. फुलाला येण्याआधी उपटायचा आणि बांधावर टाकायचा नाही, रानाबाहेर नेऊन जाळायचा. त्याचं बी धुळीसारखं बारीक, एकदा सांडलं की वर्षानुवर्षं जमिनीत जिवंत राहतं.

आणि कुणाचं वासरू सुटून कोवळ्या ज्वारीत शिरलं तर ओरडून माणूस बोलवा. गुडघ्याएवढी नाहीतर पाण्याचा ताण पडलेली ज्वारी खाल्ली की जनावराला किराळ लागतो, म्हणजे विषबाधा होते. बघता बघता जनावर जातं.

राखण

तुमचं मुख्य काम हे. दाण्यात दूध भरलं की पाखरं येतात ती दाणा टणक होईपर्यंत हलत नाहीत. चिमण्या, राघू, साळुंक्या आणि सगळ्यांत वाईट भोरड्या. थंडीत थव्यानं येतात, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. एक थवा उतरला तर अर्ध्या तासात एका पट्ट्यातली कणसं पोकळ. (त्याच भोरड्या किडे आणि टोळही खातात, म्हणून आमचे सासरे त्यांना नुसतं हाकलायचे, मारायचे नाहीत.)

पाखरू दिवसभर खात नाही. दिवस उगवल्यापासून ऊन तापेपर्यंत आणि ऊन उतरल्यापासून दिवस मावळेपर्यंत, या दोन वेळा त्याच्या. दुपारी ते झाडावर बसतं, तेव्हा तुम्ही जेवा, झोपा. म्हणून राखणीला यायचं तर झुंजुमुंजूला माळ्यावर असलं पाहिजे. उजाडल्यावर चहा पिऊन निघाल तर पाखरं न्याहारी उरकून गेलेली असतील.

माळा म्हणजे बाभळीच्या चार मेढी, वर आडवी लाकडं आणि त्यावर कडबा. उंची अशी की बसल्यावर नजर कणसांच्या वर गेली पाहिजे. मालदांडी माणसापेक्षा उंच वाढते, त्यामुळे खाली उभं राहून काहीच दिसत नाही. चढताना काष्टा घातलेला असला की बरं, परकर-साडीत शिडी चढणं म्हणजे सर्कस.

गोफण सुतळीची असते. मध्ये रुंद विणलेली पट्टी, दोन्हीकडे दोऱ्या. एका दोरीच्या टोकाला फासा असतो, तो मधल्या बोटात अडकवा. दुसरी दोरी अंगठा आणि तर्जनीत चिमटीनं धरा. पट्टीत ढेकूळ ठेवा. दगड नको. दगड कणसावर पडला तर ताट मोडतं आणि पलीकडच्या रानातल्या माणसाला लागला तर भांडण. वाळलेलं मातीचं ढेकूळ हवेतच फुटतं, त्याचा चुरा पानांवर पावसासारखा सांडतो आणि सगळा थवा एकदम उठतो. गोफण डोक्यावरून एक-दोन फेरे फिरवा आणि हात पुढे आला की चिमटी सोडा. फेरे जास्त झाले तर नेम जातो. शिकताना बाजूला आणि मागे कुणाला उभं करू नका, पहिले काही ढेकळं कुठे जातील ते तुम्हालाही कळणार नाही. तोंडानं ‘हाऽ हा, हाऽ हा’ अशी लांब हाळी द्यायची. पत्र्याचा डबा एक-दोन दिवस चालतो, मग पाखरं त्याला ओळखतात. बुजगावण्याचंही तेच, रोज जागा बदलली तर उपयोग.

पहाटे गारठा असतो आणि नऊ-दहाला ऊन. पदर डोक्यावरून घेऊन कानामागून गळ्याशी खोचला की दोन्हींचा बंदोबस्त होतो. ज्वारीच्या कणसाची कूस मानेत गेली की दिवसभर खाजतं, पदरानं तीही अडते. हल्ली आमच्या गावच्या बायका साडीवरून नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालतात. मला ते पटलं. आमच्या वेळी काढणीला मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळायचो, त्यापेक्षा शर्ट झटपट. तुम्हीही आणा, कुणाचाही जुना चालेल, सुती असला म्हणजे झालं.

हुरडा

दाणा नखानं दाबा. पातळ दूध उडालं तर अजून आठवडाभर थांबा. काहीच आलं नाही तर वेळ गेली. घट्ट, चिकासारखं आलं आणि दाणा अजून हिरवा असला तर आजच. खास हुरड्यासाठी सुरती, गूळभेंडी, कुचकुची असे वाण बांधाकडेला चार ओळी पेरतात. त्यांचा दाणा गोड आणि बोंडातून चटकन सुटतो. मालदांडीचाही हुरडा होतो, पण चोळायला जड.

जमिनीत वीतभर खड्डा करून त्यात शेणी पेटवायच्या. ही आगटी. जाळ पूर्ण बसून आर, म्हणजे निखारे, पडला, वर राख आली की कणसं त्यात खोचायची आणि फिरवत राहायची. जाळावर भाजली तर बाहेरून करपतात आणि आतून कच्ची राहतात. बाहेर काढलं की गरम असतानाच दोन तळव्यांत चोळायचं. थोडं चटकतंच. फुंकर मारून कोंडा उडवा आणि लगेच खा. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. वर पाणी पिऊ नका, ताक प्या, असं आमच्याकडे सांगतात आणि मी तेच करते.

त्याच सुमाराला, मार्गशीर्ष अमावास्येला, अक्कलकोट, धाराशिव, लातूरकडे येळवस असते. माझं आजोळ तिकडचं. रानात कडब्याची खोप करून पूजा, आणि जेवायला भज्जी, उंडे, आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाल, शेंगदाणे आणि रानातला मिळेल तो पाला एकत्र शिजवून ताकात कालवलेलं पीठ लावायचं. दाटसर होते. जमलं तर त्या दिवशी घेऊन जाईन तुम्हाला.

काढल्यावर धान्य ठेवायचं कसं

काढणीपर्यंत तुम्ही थांबणार नाही, म्हणून थोडक्यात. आमच्याकडे ताट कापत नाहीत, मुळासकट उपटतात, पहाटेच्या दवात, म्हणजे पाला गळत नाही. पेंढ्या बांधून वाळवायच्या, मग कणसं मोडायची. खळं शेणानं सारवून मळणी आणि वाऱ्याला उभं राहून उफणणी. आता मळणीयंत्र येतं आणि एका दिवसात सगळं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उफणताना डोळ्यांत जाणारा भुसा ज्यानं खाल्लाय त्यालाच त्याचं सुख कळेल.

दाणा वाळला की नाही ते दाताखाली बघा. टचकन फुटला तर ठेवायला तयार, दबला तर अजून ऊन द्या. कणगी तुरकाट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेली. तळाला आणि मध्ये-मध्ये कडुलिंबाचा पाला, सावलीत वाळवलेला. ओला टाकलात तर बुरशी येते. तुमच्या फ्लॅटमध्ये पत्र्याच्या डब्यातही हेच करा, दहा-पंधरा किलो ज्वारी पावसाळ्यापर्यंत सोंडे न लागता राहते.

मोठ्या घरांत पेव असायचं, कडक मुरमात खणलेलं, आत कडब्याचं अस्तर, तोंड दगडमातीनं बंद. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना खुली केली ती मंगळवेढ्यातच, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कुठे जुनं पेव दिसलं तर कौतुकानं आत उतरू नका. बंद पेवात हवा मरते. उघडून बराच वेळ ठेवायचं, मग दोरीनं पेटता दिवा खाली सोडायचा, तो विझला तर माणसानं उतरायचं नाही. न बघता उतरून माणसं गेली आहेत.

चूल

भाकरी बिघडली की पोरी पाण्याला नाहीतर तव्याला दोष देतात. निम्म्या वेळा दोष पिठाचा असतो. दळून फार दिवस झाले की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते. मग कितीही मळा, थापताना कडा फाटतात. जात्यावर रोजचं रोज दळायचो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा धरायचा, एकीनं वैरायचं. आता चक्कीवरून आठवड्याचंच पीठ आणायचं, महिन्याचं नको. जात्यावर एकदा बसून बघा, पण ओव्या म्हणायला श्वास उरतो का तेही बघा.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, तो गरम पाण्यानं आणायचा. काठवटीत एका भाकरीपुरतं पीठ घ्या, मध्ये खळगा करा, उकळतं पाणी ओता आणि आधी उलथन्यानं कालवा. हात सोसवेल इतकं झालं की तळव्याच्या टाचेनं रगडून मळा. पुढे ढकलायचं, गोळा करायचं, परत ढकलायचं. एका वेळी एकाच भाकरीचं मळा, मळून ठेवलेला गोळा कोरडा पडतो.

खाली पीठ भुरभुरून थापायला घ्या. बोटांनी नाही, पूर्ण पंजानं, आणि थापतानाच ती आपोआप फिरली पाहिजे. फिरत नसेल तर खाली पीठ कमी. तव्यावर टाकताना पीठ लागलेली बाजू वर. तिला हातानं सगळीकडे पाणी लावा. पाणी सुकत आलं, पूर्ण सुकलं नाही, अशा वेळी उलटा. आधी उलटली तर चिकटते, उशीर झाला तर चिरा पडतात. दुसरी बाजू नीट भाजू द्या. मग तवा उतरवून भाकरी चुलीच्या तोंडाशी आराजवळ उभी करा. पापुद्रा सुटून टम्म फुगते.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतली लाल ज्वारी आली होती, मिलो. तिची भाकरी काही केल्या नीट थापली जायची नाही आणि घशाखाली उतरायची नाही. मालदांडी तिच्याशेजारी ठेवली तर पिठाला हात लावतानाच फरक कळायचा. पण त्या वर्षी मिलोनंच जगवलं, म्हणून तिला नावं ठेवत नाही.

सकाळी राखणीला जाताना आंबील प्या. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवा, वाटीभर पिठाला दोन-तीन वाट्या ताक. सकाळी पाणी उकळून त्यात लसूण, जिरं, मीठ घाला आणि भिजवलेलं पीठ हळूहळू ओता. ढवळणं थांबवलंत की गुठळ्या. पातळच ठेवा, गार झाली की घट्ट होते. उन्हाच्या दिवसांत हीच गार पितात.

शेंगाचटणी मिक्सरवर करू नका, एवढं माझं ऐका. मिक्सरमध्ये कूट होतो, चटणी होत नाही. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून सालं काढा. उखळात आधी लसूण, जिरं, मीठ आणि लाल तिखट कुटा, मग थोडे-थोडे दाणे घालत कुटत राहा. दाण्यांचं तेल सुटून चटणी गोळ्यासारखी एकत्र यायला लागली की थांबा. वरून तेल घालायची गरज नाही.

जाताना बरोबर न्यायला कडक भाकरी करू. पीठ तसंच, पण थापायची अगदी पातळ. तव्यावर दोन्हीकडून भाजल्यावर मंद आचेवर फडक्यानं दाबत-दाबत आतलं सगळं पाणी घालवायचं. पापडासारखी वाजली पाहिजे. पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना डब्यात भरलीत तर वाफेनं मऊ पडते आणि दोन दिवसांत वास येतो. पत्र्याचा रुंद डबा आणा, प्लॅस्टिकची पिशवी नको. डब्यात खाली सुती फडकं, वर भाकऱ्यांची चवड आणि कडेला चुरगळलेलं वर्तमानपत्र, म्हणजे हलणार नाहीत. चटणी वेगळ्या बरणीत. डबा एसटीत मांडीवर घ्या, वरच्या फळीवर ठेवलात तर पुण्यापर्यंत चुराच हाती येईल. तो दह्यात कालवून चांगला लागतो, पण मग चटणी जास्त लागते.